जांभ्यातलं अर्थिंग: १६८ ओहमवरून ३४ वर

अर्थिंगच्या रोधाचा आकडा (जितका कमी तितका बरा) अखेर हलला. गेल्या अपडेटमध्ये रेडिओ अँटेनाच्या मास्टच्या, म्हणजे उंच खांबाच्या, पायाशी ३ मीटरचा, १६ मिमीचा रॉड १६८ ओहमवर अडकला होता. आता मे महिन्याच्या ठणठणीत कोरड्या जमिनीत ३४ ओहम मिळतायत. पावसाळ्यात वाचन आणखी उतरेल, पण ते हिशेबात धरायचं नाही. कोकणात वळवाच्या विजा जमीन कोरडी असतानाच कडाडतात.

१६८ आले त्यात रॉडचा दोष नव्हता. चार खुंट्या ३-३ मीटरवर ठोकून घेतलेलं वाचन २६.५ ओहम, म्हणजे जमिनीची रोधकता २π × ३ × २६.५, साधारण ५०० ओहम-मीटर. ती रॉडच्या सूत्रात घातली की १६७ येतात. दगडच तसा आहे. मग २० सेमी व्यासाचा बोअर मारून बेंटोनाइटचा (ओल धरणाऱ्या चिकणमातीचा) रबडा भरला, १०४ वर आलं आणि तिथेच थांबलं. ‘१ ओहम गॅरंटी’वाल्या केमिकल अर्थिंगचा खेळ काळ्या मातीत चालतो. जांभ्यात बोअरमध्ये काहीही भरा, बाहेरचा दगड तोच राहतो. मीठ-कोळसा तर विचारूच नका: मीठ दोन पावसाळ्यांत धुऊन जातं आणि जाता जाता जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) खाऊन जातं. रॉड घेतानाही तांब्याचा थर २५० मायक्रॉन आहे का ते जाडीमापकाने तपासून घ्या. नुसता मुलामा दिलेले रॉड बाजारात ढिगाने आहेत.

जांभ्यात खोल जाण्यापेक्षा आडवं जाणं स्वस्त पडतं. २५×६ मिमीची जीआय पट्टी अर्धा मीटर खोल चरात टाकली, तर १५ मीटरला हिशेबाने ५० ओहम येतात आणि ३० मीटरला २९. आधीचा बेत सरळ ३० मीटरचाच होता. चर आखताना तो बदलला. विजेच्या झटक्यापुढे लांब पट्टीचं दूरचं टोक उपयोगी पडत नाही, तिचं इंडक्टन्स (करंटच्या झटपट बदलाला होणारा विरोध) आड येतं. म्हणून मास्टच्या पायापासून तीन दिशांना १०-१० मीटर. वाचन पाच ओहमने जास्त आलं, तरी झटक्यासाठी हीच रचना बरी. जोड वेल्ड करून वर झिंक पेंट आणि मग डांबर. वळणं गोलाकार, काटकोन कुठेही नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं मोजणीने. ६२ टक्क्यांचा नियम (व्होल्टेज मोजणारी मधली खुंटी करंटच्या खुंटीच्या ६२ टक्के अंतरावर) सगळ्यांना पाठ असतो, पण एकट्या रॉडला करंटची खुंटी ३० मीटरवर चालते, या पसाऱ्याला नाही. टोकापासून टोकापर्यंत अंतर जेमतेम २० मीटर, त्यामुळे खुंटी त्याच्या पाचपट, १०० मीटरवर हवी. पाणंदीने वायर ओढावी लागली. मधली खुंटी ६२ मीटरवर, मग ५२ आणि ७२ वर. तिन्ही वाचनं जवळपास सारखी आली तरच आकडा खरा. पहिल्यांदा ती २१, ३४ आणि ५८ अशी नाचत होती. कारण साधं होतं: कातळात खुंटी दोन बोटंसुद्धा जात नव्हती आणि तिचाच रोध मीटरच्या मर्यादेबाहेर गेला होता. उपाय म्हणजे गोणपाट मिठाच्या पाण्यात भिजवून कातळावर अंथरायचं, त्यावर लोखंडी पत्रा आणि पत्र्यावर दगड. वाचनं लगेच स्थिरावली.

क्लॅम्पवाल्या टेस्टरपासून सावध. सगळं एकमेकांना जोडलेलं असेल तर तो ०.४ ओहम दाखवतो. तो पट्टीच्या धातूच्या वेढ्याचा रोध असतो, जमिनीचा नाही. अशा वाचनावर ‘पास’चा शिक्का मारलेले रिपोर्ट सर्रास दिसतात.

३४ हा आकडा तसा मिरवण्यासारखा नाही. १० किलोअँपिअरचा झटका ३४ ओहमवर ३ लाख ४० हजार व्होल्ट उभे करतो. ५ ओहम मिळवले तरी ५० हजार. मास्टचं अर्थ वेगळं आणि घराचं वेगळं ठेवलं, तर हा फरक थेट रिगमधून, म्हणजे रेडिओ संचातून, जातो. त्यामुळे मास्ट, कोॲक्सचे (अँटेनाच्या केबलचे) झटका जमिनीत वळवणारे अरेस्टर, डीबीचा (घराच्या वीजवाटप पेटीचा) अर्थ बार, सगळं एकाच एंट्री प्लेटवर आणून जमिनीखालून त्याच पट्टीने बांधलं. तांबं आणि जीआय यांची गाठ जमिनीवर, टिन केलेल्या लगने.

आता अरेस्टरमधली गॅस ट्यूब, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला पेटून वाट देणारी नळी. रिगच्या १०० वॅटला ५० ओहमच्या कोॲक्सवर शिखर व्होल्टेज १०० येतं. ९० व्होल्टची गॅस ट्यूब प्रक्षेपणातच पेटेल, म्हणून २३० व्होल्टची घेतली.

डीबीत टाइप २ चा १+१ एसपीडी (झटका अडवणारं उपकरण; फेज-न्यूट्रलमध्ये एक भाग, न्यूट्रल-अर्थमध्ये दुसरा) आरसीसीबीच्या (गळतीचा करंट ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचच्या) आधी बसवला, बॅकअप फ्यूजसह. न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूबच हवी, नाहीतर म्हातारा व्हॅरिस्टर (जास्त व्होल्टेजला वाट देणारा भाग) जमिनीत गळत राहतो. फेज आणि अर्थच्या तारा मिळून ८० सेमी होत्या. एक मीटर तार मायक्रोहेन्रीच्या आसपास, म्हणजे १० किलोअँपिअरला हजारभर व्होल्ट उगीच वाढतात. व्ही पद्धतीने (मेनची तार एसपीडीच्या टर्मिनलवरूनच पुढे नेऊन) जोडून ३५ सेमीवर आणल्या. मेन बंद, टेस्टरने खात्री, आणि काम परवानाधारक वायरमनकडून. एसपीडीची हिरवी खिडकी लाल झाली की काडतूस बदला. न्यूट्रल सुटून ४०० व्होल्ट आले तर एसपीडी वाचवणार नाही, तोच जळेल.

३४ ओहमवर फेज बॉडीला लागली तर करंट ६.८ अँपिअर. १६ अँपिअरचा सी१६ एमसीबी ढिम्म. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी मात्र, बॉडीवर ५० व्होल्टची मर्यादा धरली, तर हिशेबाने १६६७ ओहमपर्यंत काम करतो. टेस्ट बटण फक्त यंत्रणा तपासतं. अर्थची तार तुटली असली तरी ट्रिप होतंच.

पुढचा बेत पट्टीच्या रिंगचा (जमिनीतल्या कड्याचा) होता, तो आता मागे. पंपघराचं जोतं ओतायचंय. दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या कोरड्या जमिनीत हर्बर्ट ऊफर यांनी दारूगोळ्याच्या कोठारांसाठी पायाच्या काँक्रीटमधल्या सळ्याच अर्थ म्हणून वापरल्या. काँक्रीट ओल धरून ठेवतं, जांभ्याला आणखी काय हवं? ओतण्याआधी सळ्या वेल्ड करून एक पट्टी बाहेर काढायची आणि जोत्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा नाही. गवंड्याला हे आधीच बजावलेलं बरं.