पिक्चरचं साल म्हणजे पोस्टरचं साल नव्हे भाऊ

आपल्या इकडे तालुक्याच्या जुन्या टॉकीजा बंद झाल्या, कुठं मंगल कार्यालय झालं, कुठं गोडाऊन, आणि त्यातली पोस्टरं रद्दीच्या भावात निघून राहिली. मग व्हॉट्सॲपवर फोटो येते, "भाऊ हे १९५७ चं ओरिजिनल आहे ना?" म्हणून. पिक्चर १९५७ चा असंल हो, पण कागद कधीचा? आपल्याकडे चाललेला पिक्चर वीस-वीस वर्षं परत परत लागायचा आणि दरवेळी पोस्टरं नवीन छापली जायची, त्यामुळं हिरोचा चेहरा पाहून साल सांगता येत नाही.

मी सगळ्यात आधी खालची पट्टी पाहतो. बारीक अक्षरात प्रेसचं नाव-पत्ता असते ना, ती. पत्त्यात पिनकोड असंल, म्हणजे मुंबई ४००००४ असं काही, तर ते पोस्टर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण पिनकोड त्या दिवशीच सुरू झाला. त्याच्या आधी नुसतं 'बॉम्बे-४' लिहायचे. पण उलटं धरू नका, पिनकोड आल्यावरही लोक कित्येक वर्षं जुन्या सवयीनं 'बॉम्बे-४' लिहीत होते, म्हणून तेवढ्यावरून जुनं ठरत नाही. इंग्रजीत बॉम्बेच्या जागी मुंबई छापलं असंल तर बहुतेक १९९५ नंतरचं, आणि मुंबईचा आठ आकडी फोन नंबर असंल तर २००२ च्या आधीचं नाहीच. कुठं सेन्सॉर सर्टिफिकेटचं यूए दिसलं तर १९८३ नंतरचं, त्याच्या आधी फक्त यू आणि ए होतं.

बक्षिसाची ओळही वाचा. 'श्यामची आई' १९५३ चा, पण राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याले १९५४ मध्ये मिळालं, म्हणून ज्या पोस्टरवर पदकाचा उल्लेख आहे ते पहिल्या रिलीजचं नाही. तरी जपून ठेवण्यासारखं आहेच, फक्त सांगताना नीट सांगा.

ऑस्ट्रेलियाची जुनी पोस्टरं जमवणारेही असंच करतात. तिथं डेबिल म्हणून लांबट चिंचोळं पोस्टर असते, साधारण १३ बाय ३० इंच, दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती तेव्हा त्याची रुंदी आणखी कमी केली होती, म्हणजे नुसत्या मापावरून काळ लागते. आणि जी, एनआरसी, एम, आर ही सेन्सॉरची अक्षरं तिथं नोव्हेंबर १९७१ पासून आली, त्यामुळं पन्नासच्या दशकातल्या पिक्चरच्या पोस्टरवर ती छापलेली असतील तर ते नंतरच्या रिलीजचं. आपल्याकडे मापावरून एवढं कळत नाही, ३० बाय ४० इंच हे माप फार वर्षं चाललं.

आता कागद. भिंग घेऊन चेहऱ्यावर धरा. जुन्या लिथोत, म्हणजे दगडावर हातानं चित्र काढून छापायचे त्यात, रंग सलग, खडूनं घासल्यासारखा दिसते, नंतरच्या ऑफसेट मशीनच्या छपाईत रांगेनं बारीक ठिपके दिसतात, आणि आजकालच्या कॉम्प्युटर प्रिंटमध्ये शाईचे कण कसेही विखुरलेले असतात. ठिपके दिसले म्हणजे नकली असं नाही, सत्तरच्या दशकातली पुष्कळ ओरिजिनल पोस्टरं ऑफसेटचीच आहेत. पण जुन्या पोस्टरचा फोटो काढून छापलेली नक्कल असंल तर अक्षरांच्या कडाही ठिपक्यांनी फुटलेल्या दिसतात आणि जुन्या घड्यांची सावली सपाट कागदावर छापलेली असते, बोट फिरवा, लगेच समजते.

खऱ्या पोस्टरले घड्या असतातच बहुतेक. सिनेमाच्या धंद्यात आपला विदर्भाकडचा भाग म्हणजे सीपी-बेरार सर्किट, म्हणजे पिक्चर वाटपाचा एक इलाखा, अमरावती आणि भुसावळ ही त्याची मोठी ठाणी, तिथून डिस्ट्रिब्युटर पिक्चरच्या पेट्यांसोबत पोस्टरं घडी करून गावोगाव पाठवायचे. म्हणून घडी दिसली की लोक नाक मुरडतात ते मले पटत नाही, ती घडी त्या पोस्टरच्या प्रवासाचीच खूण आहे.

मले खरा त्रास होते तो फ्रेमवाल्याचा. पोस्टर फ्रेममध्ये बसावं म्हणून तो खालची पट्टी कापून टाकते आणि वरून लॅमिनेशन मारते. ज्या पट्टीत साल सापडते तीच गेली, आणि लॅमिनेशन तर परत निघतच नाही. घरी एखादं सापडलं असंल तर सेलोटेप लावू नका, पिठाच्या लईनं पुठ्ठ्यावर चिकटवू नका, लईले वाळवी लागते. सपाट ठेवा, उन्हापासून दूर, आणि फोटो पाठवताना हिरोचा नंतर पाठवा, आधी खालच्या पट्टीचा जवळून काढून पाठवा.