३१ मार्चची रात्र आणि डायलिसिसची बिलं

मी एका जिल्हा रुग्णालयात लेखा शाखेत आहे. पेशंटशी माझा थेट संबंध तसा कमी, पण औषधापासून फिनाईलपर्यंत सगळ्याचं बिल आमच्याच टेबलवरून जातं. सरकारी ऑफिसात काम केलेल्यांना मार्च एंड काय असतो ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वर्षभराची ग्रँट हप्त्याहप्त्याने बीम्सवर (राज्य सरकारची निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली) येते आणि प्रत्येक पैसा कुठल्यातरी हेडखाली, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या प्रकाराखाली असतो, ०१ म्हणजे पगार, १३ कार्यालयीन खर्च, २१ सामग्री आणि पुरवठा, ५२ यंत्रसामग्री, आणि एका हेडचा पैसा दुसऱ्याला आपल्या मनाने वापरता येत नाही. ३१ मार्चच्या आत ट्रेझरीत बिल गेलं नाही की पैसे लॅप्स, म्हणजे हातचे गेले.

तर त्या ३१ मार्चला दुपारपर्यंत आमच्या २१ मध्ये जवळपास काहीच शिल्लक नव्हतं. थकलेली बिलं मात्र ढीगभर. ऑक्सिजन, लॅबचे रिएजंट (तपासण्यांची रसायनं), पेशंटच्या जेवणाचा ठेकेदार, आणि डायलिसिस किटचा सप्लायर. या शेवटच्याची बिलं तर दिवाळीपासून पडून होती आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं की मागचं दिल्याशिवाय पुढचा माल येणार नाही. त्याच्यावर तरी काय चिडणार, त्यालाही पुढे कंपनीला पैसे द्यायचे असतात.

चारच्या सुमारास डायलिसिसचा टेक्निशियन स्टॉक रजिस्टर घेऊनच वर आला. आमच्याकडे तेव्हा ३६ पेशंट रेग्युलर होते, प्रत्येकाचं आठवड्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला ७२ सेशन आणि वर्षाला पावणेचार हजाराच्या आसपास. प्रत्येक वेळी डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर), ट्युबिंग, दोन फिस्टुला निडल, बायकार्बचं सोल्युशन, हेपॅरिन, शिवाय चार तासांत साधारण १२० लिटर आरओचं पाणी. रजिस्टरवर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, ओढूनताणून शुक्रवारपर्यंत जाईल."

त्याच्या मागे दारात एका पेशंटची बायको उभी होती. आत यायला तयार नव्हती, मीच बोलावलं तिला. ती म्हणाली, "साहेब, आमच्या मालकांचा नंबर शनवारी हाय. सामान भायेरून आणाया लागणार आसंल तर आजच सांगा, आमच्याकडं शेळ्यांचा बाजार गुरुवारी भरतो." मला काही सुचेना. तिचा नवरा चव्वेचाळीस वर्षांचा, बीपी आहे हे कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. मी म्हणलं ताई, आजची रात्र जाऊ द्या, उद्या सकाळी तुम्हाला फोन करतो, शेळीचं आत्ताच काही ठरवू नका.

संध्याकाळी साडेसातला बीम्सवर पैसे दिसले म्हणून सगळे धावत आले, बघतो तर ते ५२ मध्ये. आधी मागितलेल्या दोन नव्या डायलिसिस मशीनसाठी. मशीन नको होत्या असं अजिबात नाही, वेटिंगवर लोक होतेच, पण मशीन एकदा घ्यायची असते आणि किट रोज लागतं, टेक्निशियनला पगार दर महिन्याला लागतो, मशीनची एएमसी (देखभालीचा करार) दरवर्षी करावी लागते. महात्मा फुले योजनेतून डायलिसिसचे क्लेम होतात, ते पैसे रुग्णालयाला मिळतात आणि आम्हाला त्याचा मोठा आधार आहे, पण क्लेम मंजूर होऊन पैसे खात्यात यायला वेळ लागतो आणि त्या वर्षी आलेले सगळे पैसे आरओ प्लांटचा पंप आणि मेंब्रेन बदलण्यात गेले होते.

दहाच्या पुढे २१ मध्ये ग्रँट पडली. थकबाकीच्या निम्मीसुद्धा नाही. मग सीएस (जिल्हा शल्यचिकित्सक) सरांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो, सर, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) मॅडम, मेट्रन सिस्टर, फार्मसीवाले आणि मी, समोर बिलांचे गठ्ठे. ऑक्सिजनवर वाद झालाच नाही. पुढच्या नावावर मात्र सगळे थांबले. सिस्टर म्हणाल्या जेवणाच्या माणसाचेही चार महिने राहिलेत, त्याच्याकडच्या बायकांचे पगार होत नाहीयेत. त्यांचं खरंच होतं. आरएमओ मॅडम म्हणाल्या, "त्याच्याशी मी बोलते, एप्रिलमध्ये पहिलं बिल त्याचं काढू. पण डायलिसिसचा पेशंट आठवडाभर ठेवता येत नाही हो, पोटॅशियम वाढतं, छातीत पाणी भरतं, माणूस आपल्यासमोर जातो." सरांनी डायलिसिसच्या बिलावर सही केली. रिएजंटचं जवळजवळ सगळं बाजूला ठेवलं, म्हणजे पुढचे काही आठवडे लॅबमधल्या ठराविक टेस्ट बंद राहणार हे माहीत असूनच ठेवलं. बारा वाजायच्या थोडं आधी ट्रेझरीकडून टोकन नंबर, म्हणजे बिल दाखल झाल्याचा नंबर मिळाला. सकाळी त्या ताईंना फोन केला आणि सप्लायरने गुरुवारी माल पाठवला.

लोकांना वाटतं सरकारी दवाखान्यात पैसा नसतो किंवा असला तरी सगळा खाल्ला जातो. मी आतून बघतोय म्हणून सांगतो, पैसा कमी आहे हे तर आहेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के व्हावा आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा, आणि आपलं राज्य त्याच्या बरंच खाली आहे. पण कमी असण्याइतकंच वाईट म्हणजे तो उशिरा येतो आणि नको त्या हेडमध्ये येतो. डायलिसिसवर घेतलेला प्रत्येक नवा पेशंट म्हणजे तो जगेल तितकी वर्षं (किंवा ट्रान्सप्लांट होईपर्यंत) चालणारा खर्च, ग्रँट मात्र एका वर्षाची आणि मागच्या वर्षीच्या आकड्यावर दहा-पाच टक्के वाढवून दिलेली.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळे उपचार मोफत झाले. मी या निर्णयाच्या पूर्ण बाजूने आहे, तपासणीच्या पैशासाठी परत गेलेली माणसं मी खिडकीवर बघितलीत. पण त्या फीचे पैसे आमच्या रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जमा व्हायचे आणि अडीअडचणीला बल्बपासून इंजेक्शनपर्यंत त्यातूनच भागायचं. ती फी गेली तर तेवढी रक्कम दर तिमाहीला न मागता मिळायला हवी, नाहीतर मोफतचा बोर्ड लावून आतून चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची, असं होतं.

तमिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीचं महामंडळ काढलं. तिथे प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं, त्यात औषधांसाठीची रक्कम लिहिलेली आणि त्या रकमेत गोदामातून आपल्याला पाहिजे ते उचलायचं. म्हणजे डॉक्टरला आपल्याकडे किती शिल्लक आहे ते वर्षभर माहीत असतं. एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती एका राज्याने इतकी वर्षं चालवून दाखवली आहे. आणि पैसे वाचवायचेच असतील तर ते उपकेंद्रावर वाचतात. बीपीची अम्लोडिपिनची गोळी सरकारी खरेदीत काही पैशांना पडते. ती खंड न पडता दहा वर्षं मिळाली असती तर त्या ताईंचे मालक कदाचित आज आमच्या ३६ मध्ये नसते. गोळ्यांचा पुरवठा दोन महिने तुटला तर कुणी बातमी देत नाही, पण त्याचं बिल पुढे आमच्याकडेच येतं.

त्या रात्रीनंतर सीएस सरांनी मला मागणीपत्राची पद्धत बदलायला सांगितली. आता मागच्या वर्षीचा खर्च अधिक दहा टक्के असं आम्ही लिहीत नाही. डायलिसिसचे पेशंट किती, सेशन किती, एका सेशनला किटचा खर्च किती, नव्या मशीन सुरू झाल्या की किती वाढणार, एएमसी किती, वेटिंगवर किती, हे तीन वर्षांचं एका तक्त्यात मांडतो आणि २१ ची रक्कम तिमाहीला मागतो. पहिल्यांदा वरून फोन आला की एवढं डिटेल कशाला, आमच्याकडे तीन वर्षांचा रकानाच नाही. सर म्हणाले रकाना नसेल तर जोडपत्र म्हणून लावा, पण पाठवा. यंदाही तसंच पाठवलंय. पहिल्या तिमाहीचे पैसे अजून आले नाहीत, म्हणून स्मरणपत्र तयार करून ठेवलंय, सोमवारी मी स्वतः घेऊन जाणार आहे.