तुम्ही विचारलंत म्हणून: कोठडीशी आरोग्य शिक्षकाचा काय संबंध?

"डेंग्यूचं सांगा, साखरेचं सांगा, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता?" सांगलीत हे इतक्यांदा ऐकलंय की एकदाचं लिहूनच टाकतो.

नोव्हेंबर 2017 आठवा. इथल्या पोलिसांच्या ताब्यातला तरुण पळाला, असं आधी सांगितलं गेलं. मग कळलं, तो कोठडीतच मेला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. गुन्हा पोलिसांवरच नोंदला गेला. तुम्हाला यात फक्त कायदा दिसतो. मला शरीर दिसतं. मार मांड्यांवर, पोटऱ्यांवर बसला की स्नायू चिरडतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते. वळ कधीकधी दुसऱ्या दिवशी उमटतात, म्हणून अटकेनंतर लगेच केलेलं 'मेडिकल' कोरं येऊ शकतं. शवविच्छेदनात स्नायूंतला रक्तस्राव सापडतो. देहच जाळला तर डॉक्टरने काय वाचायचं?

आणि मारहाण नसली तरी कोठडीत जीव जातो. रोज पिणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तो बरळू लागतो. बाहेरून आवाज येतो, "नाटक करतोय." इन्सुलिन चुकलं, फिटची गोळी चुकली, तरी तेच.

हे घरच्यांना शिकवणं माझंच काम आहे. औषधांची नावं आणि वेळा लिहून ठाण्यात द्या, पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानुसार कोठडीत दर 48 तासांनी तपासणी व्हायला हवी, ती मागा. तपासणी अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 53 मध्ये आहे.

पोलिसांनाही शिकवायला जावं का? लॉकअपवरच्या शिपायाला झटका ओळखता आला तर एखादा वाचेल, म्हणून जावंसं वाटतं. मग वाटतं, शिबिराचा फोटो छापून येईल आणि कोठडी होती तशीच राहील. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने 2018 मध्ये पोलिसी हिंसा हा आरोग्याचा प्रश्न ठरवला, तेव्हा भर प्रशिक्षणावर दिला नाही. पैसा आरोग्य, निवारा, रोजगार यांकडे वळवा, असं म्हटलं. पटतं मला. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही भ्रमिष्टाला लॉकअपमध्ये ठेवायला बंदी केलीय. पण त्याला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी पोलिसांवरच टाकलीय. रात्री दोनला मिरज स्टेशनवर तो सापडला, तर त्यांच्याशिवाय येणार कोण?