नागपूरचा ४४०००१ आतून कसा आहे?

सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओचा पिनकोड आपण नुसता पत्ता म्हणून लिहितो. संख्या म्हणून तो फारच देखणा आहे.

अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो: ४८८८९. इथे घाई नडते. ७ आणि ९७ दोन्हींनी भागल्यावर बाकी फक्त १ उरते, आणि तोंडी हिशेबात 'गेला भाग' असं वाटून जातं. ४८८८९ चं वर्गमूळ २२१ च्या किंचित पुढे, त्यामुळे २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्या तपासल्या की पुरे. एकही भागत नाही. म्हणजे ही मूळ संख्याच.

म्हणून ४४०००१ = ३² × ४८८८९, आणि विभाजक सहाच. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १,९५,५६९. संख्येपेक्षा कमी, म्हणजे न्यून संख्या.

मला सर्वांत आवडतं ते पुढचं. ४८८८९ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच: २०८² + ७५². दोन्ही पाये तिप्पट करा: ६२४² + २२५² = ४४०००१. अवयवांत ३ एकदाच असता, तर हे जमलंच नसतं.