दुपारची झोप बंद कधी करायची?

"काकू, उद्यापासून ह्याला दुपारी झोपवू नका हं. रात्री साडेअकरापर्यंत धिंगाणा चालतो." मुलुंड पूर्वेला 22 वर्षं पाळणाघर चालवतेय, दर दोन-तीन महिन्यांनी हे ऐकते, फक्त आई बदलते. पाठोपाठ प्रश्न येतोच, "दुपारची झोप बंद कधी करायची?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ती आपण बंद करायची नसते, आपली आपण सुटते. बहुतेक मुलांची 3 ते 5 वर्षांच्या दरम्यान. त्याआधीची, दोन डुलक्यांवरून एकीवर येण्याची वेळ 12 ते 18 महिन्यांत येते, आणि खरी कसोटी तीच. सकाळची डुलकी नको असते, पण दुपारपर्यंत दमही निघत नाही. वरणभाताचा घास तोंडात धरून झोपलेली कितीतरी मुलं मी मांडीवर घेतली आहेत. त्या महिन्यांत जेवण सरळ साडेअकराला द्यायचं, घड्याळाची लाज बाळगायची नाही.

जागं असताना झोपेची टाकी भरत जाते. लहान मुलाची टाकी छोटी, लवकर भरते, म्हणून त्याला मधेच एकदा रिकामी करावी लागते. पण पाच वाजता रिकामी केलीत, तर नऊपर्यंत ती पुन्हा भरणार कशी?

एका अडीच वर्षांच्या मुलाच्या आईने फारच गळ घातली, म्हणून चार दिवस त्याला जागं ठेवलं. तिसऱ्या दिवशी साडेपाचला त्याने शेजारच्या मुलीच्या दंडाला चावा घेतला. साडेसातला बाबांच्या खांद्यावर, रिक्षात, 20 मिनिटं गाढ झोपला. इमारतीच्या फाटकाशी जागा झाला तो रात्री बारापर्यंत टुणटुणीत. म्हणजे झोप टळली नव्हतीच, दुपारची उचलून संध्याकाळी नेऊन ठेवली होती आम्ही. मग त्याला साडेबाराला आडवं करून दोनला उठवायला लागले. उठवताना किरकिर करायचा, पण आठवड्याभरात रात्री दहाच्या आत झोपू लागला. सगळ्यांचं असं जमतं असं नाही. साडेतीन वर्षांची एक मुलगी सोमवार-मंगळवार टक्क जागी आणि बुधवारी मेल्यासारखी झोपायची. सुटताना झोप अशीच सुटते, कित्येक महिने, धरसोड करत. तिला मी चटईवर चित्रांची पुस्तकं देऊन पडून राहायला सांगायचे.

बेरीज मात्र करून बघा. 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, 3 ते 5 वर्षांच्याला 10 ते 13, दुपारची धरून. तुमचं दीड वर्षाचं बाळ रात्री अकराला झोपतं आणि तुमच्या गाडीसाठी सातला उठवलं जातं. झाले आठ. त्यातली दुपार मी काढून घेऊ?

(रोज रात्री मूल जोरात घोरत असेल तर मात्र मला विचारू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.)

आणि एक बोलू का, राग मानू नका. फोर्टहून साडेसहाची लोकल पकडून तुम्ही आठला दारात येता. त्याआधी एक तास ते पोर जिन्यातल्या प्रत्येक चपलेच्या आवाजाला दाराकडे पळत असतं. तुम्ही आल्यावर ते नऊला कसं झोपेल? दिवसभराची आई त्याला आत्ता कुठे भेटलेली असते. त्या धिंगाण्यातला निम्मा दुपारच्या झोपेचा नसतोच. परवा एका आईला हे सांगितलं, तर ती पर्स शोधल्यासारखं करत खाली बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, दोनला उठवा."