पुणे–गुहागर–जयगड–आंबा घाट: स्वस्तातलं रायडिंग गिअर रस्त्यावर कसं निघालं

मे महिन्याच्या अखेरीला पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मग महाड, चिपळूण, गुहागर. तवसाळहून फेरीबोटीने जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि येताना आंबा घाट चढून मलकापूर, कोकरूड, कऱ्हाड असा फेरा केला. दोन गाड्या, तीन माणसं: मी, माझा मामेभाऊ आणि त्याची बायको. या वाटेवरच्या खानावळी आणि किनारे यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते अंगावरच्या कपड्यांबद्दल. तिघांचंही गिअर 'बजेट' म्हणतात त्यातलंच होतं, आणि उकाडा, खारी हवा, वळीव, शिवाय एक पडणं, असं सगळं या वाटेवर त्याच्या वाट्याला आलं.

खरेदी पुण्यातल्या नाना पेठेत झाली. तिथे सगळी जॅकेटं बाहेरून सारखीच: काळा रंग, त्यावर लाल नाहीतर पोपटी पट्टा, खांद्यावर टणक वाटी. साडेतीन हजारांचं आणि आठ हजारांचं शेजारी टांगलं तर लांबून फरक सांगता येत नाही. दुकानदार खांद्यावर टकटक करून दाखवतो, "साहेब, आवाज ऐका." आवाजावरून काही कळत नाही. भावाची बायको शिवणकाम करते, ब्लाउजच्या ऑर्डरी घेते. तिने जॅकेट हातात घेतलं ते थेट उलटं केलं, बाही बाहेर ओढली आणि काखेजवळची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली. शिवणीत फट पडली आणि टाक्यांनी दात दाखवले. "दादा, एकेरी टीप आहे. ओव्हरलॉक मारून झाकलीय नुसती." दुकानदार म्हणाला, "ताई, हे कपडे नाहीत, गिअर आहे." "मग कपड्यांपेक्षा तरी बरं शिवा की," म्हणून तिने ते परत हँगरला लावलं. पुढच्या जॅकेटला आत एक टीप आणि वरून दोन समांतर टिपा होत्या. ताणल्यावर कापड कुरकुरलं, शिवण हलली नाही. ते घेतलं, साडेपाच हजारांना. पडल्यावर कापड झिजायच्या आधी शिवण उसवली तर आतलं आर्मर (मार झेलणाऱ्या टणक वाट्या) कितीही भारी असो, कातडी थेट रस्त्यावर. म्हणून खांदा, कोपर आणि बाहीच्या मागची शिवण, एवढं तरी ताणून बघाच.

आता टॅगबद्दल. 'सीई सर्टिफाइड', म्हणजे युरोपीय सुरक्षा-नियमांना उतरलेलं, असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. विचारायचं ते एवढंच: सर्टिफाइड काय, जॅकेट की आतलं आर्मर? या किमतीत उत्तर बहुतेक वेळा 'आर्मर' असंच असतं. अख्ख्या कपड्याचं युरोपीय मानक वेगळं आहे, ईएन १७०९२. त्यात ट्रिपल ए, डबल ए, ए अशा उतरत्या श्रेणी असतात आणि ती श्रेणी अस्तराला शिवलेल्या लेबलवर लिहिलेली असते. असं लेबल नसेल तर जॅकेट टाकाऊ ठरत नाही, पण त्याच्या कापडाची आणि शिवणीची हमी कुणी दिलेली नाही, ती तुमच्या अंगठ्यांनी तपासायची, एवढं समजून घ्यायचं.

आर्मर मात्र खिशातून बाहेर काढून बघता येतं, आणि दुकानदार नको म्हणाला तरी काढा. हातापायांच्या आर्मरवर ईएन १६२१-१, मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, लेव्हलचा आकडा आणि जागेचं अक्षर (खांद्याला एस, कोपराला ई, गुडघ्याला के) कोरलेलं हवं. चाचणीत ५० जूलचा आघात करून पलीकडे किती जोर पोचतो ते मोजतात, जितका कमी तितकं बरं: लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मध्ये २० पर्यंत. आपल्या हवेसाठी 'टी+' अशी खूणही शोधा. ते आर्मर ४० अंशाला तापवूनही तपासलेलं असतं. नुसतं 'सीई' एवढंच उमटवलेलं, बाकी काही नाही, असं आर्मर मी तरी घेणार नाही.

आणि पाठ. पाठीच्या खिशातून आमच्या हातात आला तो फोमचा तुकडा, बोटाने दाबला की दोन्ही बोटं एकमेकांना भेटत होती. स्वस्त जॅकेटांत हे सर्रास असतं. तो फक्त जागा भरायला असतो. पाठीचं मानक ईएन १६२१-२, आणि त्याची मर्यादा कितीतरी कडक आहे: लेव्हल १ ला १८ किलोन्यूटन, लेव्हल २ ला ९. वेगळं बॅक प्रोटेक्टर घ्यायचं तर आधी खिशाचं माप घ्या, नाहीतर ते आत वळतं आणि बसल्यावर मानेत टोचतं.

कापडाच्या बाबतीत '६००डी' या आकड्याला फार भुलू नका. डी म्हणजे डिनिअर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. पॉलिस्टरही ६०० डिनिअर असतं आणि नायलॉनही. घासण्यात नायलॉन बरंच जास्त टिकतं. टॅगवर कोणता धागा ते लिहिलंय का बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जाळी कुठे लावलीय. छातीवर, पोटावर, बाहीच्या आतल्या बाजूला जाळी हवीच, नाहीतर कोकणात उकडून मराल. पण खांद्याच्या आणि कोपराच्या वर भरीव कापड पाहिजे. बाही उजेडासमोर धरा. कोपरावरून पलीकडची ट्यूबलाइट दिसली तर पुढे बघायचं काम नाही.

हेल्मेटवर जास्त लिहीत नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीचं बिगर-आयएसआय हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ढीग दिसतात. स्टिकरवर आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) आणि सीएम/एल, म्हणजे लायसन्सचा नंबर असतो. तो नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं आहे ते समोर येतं. घालून, पट्टा लावून, मागून मानेजवळ धरून वर-पुढे ओढा. निघून आलं तर माप चुकलं. गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळ दुखता कामा नये.

आता रस्ता. ताम्हिणी सकाळी लवकर उतरलो तोवर सगळं झकास. माणगाव ते महाड ट्रकांच्या मागे रांगत जाताना जाळीच्या जॅकेटचा काही उपयोग नसतो, हवा असेल तरच जाळी. तिथे दुसरी गोष्ट लक्षात आली. घामाने अस्तर हाताला चिकटतं आणि गाडी चालवताना बाही हळूहळू फिरते. भावाचं जॅकेट जुनं, एक माप मोठं. चिपळूणला चहाला उतरलो तेव्हा त्याच्या कोपराचं आर्मर कोपराच्या आतल्या बाजूला, शिरेवर येऊन बसलं होतं. दंडावरचा आवळायचा पट्टा होता, पण त्याचं टिचबटण आधीच उपटलेलं; बटणाखाली जादा कापडाचा तुकडा दिलेलाच नव्हता. त्याने दंडाला रुमाल बांधला आणि गाडी काढली.

गुहागरहून हेदवीमार्गे तवसाळला फेरीबोट पकडायची. पलीकडे जयगडला उतरताना बोटीची लोखंडी फळी ओली आणि धक्क्याच्या उतारावर शेवाळ. सोबत कुणी असेल तर त्याला आधीच चालत उतरवा. आम्ही तसंच केलं ते बरं झालं. बोटीवरचा माणूस ओरडून सांगत होता, "पुढचा ब्रेक धरू नका!" भावाने नेमका तोच धरला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. वेग माणूस चालेल तेवढाच. पण नुकसान कसं झालं ते बघण्यासारखं होतं. गुडघा ठणठणीत, पट्ट्यांचे नीगार्ड होते, वाटीवर फक्त ओरखडे. कोपर सोललं, कारण रुमाल कधीच सैल झाला होता आणि आर्मर पुन्हा आत फिरलेलं, कोपराच्या हाडावर होती फक्त जाळी. आर्मर लेव्हल २ चं होतं, हे विशेष. हाडाच्या जागी नसलेल्या लेव्हल २ पेक्षा जागी बसलेलं लेव्हल १ शंभर पटीने बरं.

ग्लोव्हची गोष्ट वेगळी. माणूस पडताना तळहात आधी टेकवतो, आणि घासतो तो मनगटाजवळचा उंचवटा. भावाच्या दीड हजाराच्या ग्लोव्हला तिथे लेदरचा दुसरा थर होता, पण कडेची शिवण तीन बोटं उसवली आणि थर पानासारखा लोंबायला लागला. हात वाचला. आणखी थोडा वेग असता तर वाचला नसता. ग्लोव्ह घेताना मनगटाचा पट्टा आवळा आणि दुसऱ्या हाताने बोटांकडून ओढा. सुटून आला तर पडतानाही सुटेल. तळहाताच्या टाचेशी प्लास्टिकची घसरपट्टी असेल तर उत्तम. आणि घ्यायच्या आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने आतून पुसा. माझ्या काळ्या ग्लोव्हचा रंग महाडपर्यंत बोटांवर उतरला होता, चहाच्या टपरीवरचा पोऱ्या विचारत होता, "गाडी बिघडली का काका?"

मालगुंडात मेडिकलमधून ड्रेसिंगचं सामान आणि कोपराला घालायचा इलॅस्टिकचा मोजा घेतला. तो जॅकेटच्या आत, आर्मर मात्र मोज्याच्या आत सरकवलं, आणि पुण्यापर्यंत ते हललं नाही. ज्यांचं जॅकेट सैल आहे त्यांनी नवीन घेण्याआधी हा उपाय करून बघावा. दुकानात माप बघतानाही उभं राहून बघू नका. खाली गाडीवर बसा, हँडल धरा, दहा मिनिटं तसेच राहा. बाही मनगटावरून किती वर जाते, पाठ उघडी पडते का, कोपराची वाटी कोपरावरच आहे का, हे तेव्हाच कळतं. खाली जाऊ देत नसेल त्या दुकानात आपलं काही काम नाही.

मागे बसणाऱ्यांसाठी एक. घरात नवऱ्याचं जुनं जॅकेट असतंच, तेच बायकोला घालायला देतात. खांदा दोन इंच खाली, कोपर मनगटाकडे. त्यापेक्षा नवीन स्वस्त, पण तिच्या मापाचं घ्या. नाना पेठेतलं ते साडेपाच हजारांचं तिच्यासाठीच होतं. पडायची वेळ आली नाही, पण पूर्ण फेऱ्यात आर्मर जागचं सरकलं नाही ते फक्त तिचंच.

रत्नागिरीहून हातखंबा, पाली, साखरपा. आम्ही गेलो तेव्हा या पट्ट्यात चौपदरीकरणाची खडी आणि माती होती, अंधार पडायच्या आत घाट गाठा. आंबा घाटात वळवाने गाठलं. जॅकेटच्या आत लावायचं रेन लायनर मिळतं ते खरं तर शोभेचं. अंग कोरडं राहतं, पण बाहेरची जाळी पाणी पिऊन जड होते, बाहेरच्या खिशातला फोन भिजतो आणि घाटावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. वरून घालायचा साधा रेनसूट स्वस्त आणि बरा. तो घेताना पँट उलटी करा. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे, विशेषतः दोन पाय जुळतात तिथे. बसल्यावर पाणी नेमकं तिथेच साठतं. घरी बाथरूममध्ये पँटच्या बैठकीत दोन तांबे पाणी ओतून लटकवून ठेवा. पाव तासात थेंब दिसला तर बिल फाटायच्या आत परत करा. माझी पँट या परीक्षेत पास झालेली होती, घाटातही पास झाली. भावाने परीक्षा घेतली नव्हती, तो मलकापूरला टपरीवर बसायलाच तयार नव्हता.

चमकपट्टीही तपासून घ्या. राखाडी दिसते ती प्रत्येक पट्टी चमकतेच असं नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा, लगेच कळतं.

पैसे थोडेच असतील तर माझा क्रम असा: हेल्मेट, मग ग्लोव्ह, मग मापाचं जॅकेट, मग नीगार्ड, घोटा झाकणारा बूट. रेनसूटमध्ये वाचवा, ब्रँडच्या नावात वाचवा, हेल्मेटमध्ये नको.

परत आल्यावर खाऱ्या हवेचं बघावं लागतं. जॅकेटची चेन आणि टिचबटणं गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून त्यावर मेणबत्ती फिरवा, नाहीतर पुढच्या वेळी चेन अर्ध्यावर अडकते. जॅकेट कोमट पाण्यात हाताने धुवायचं, आर्मर आधी काढून. काढताना प्रत्येकावर मार्करने डावं-उजवं आणि वरच्या दिशेला बाण करून ठेवा. उलटं बसवलं की त्याचा वळसा कोपराला जुळत नाही.