इगतपुरीच्या फलाटावरची चाळीस मिनिटे

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मावशीकडे कल्याणला जायला निघाले, तेव्हा नाशिकरोडला नुसती भुरभुर होती. देवळाली सुटल्यावर पावसाने जोर धरला आणि अस्वली, घोटीपर्यंत तर खाचरांत लावणीला वाकलेली माणसेही दिसेनाशी झाली. मुंबईकडे उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इगतपुरीला तपासले जातात, त्यामुळे तिथला थांबा आम्हा नाशिककरांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्या दिवशी मात्र घाटात रुळांवर माती आली होती आणि ती काढून होईपर्यंत गाडी चाळीस मिनिटे फलाटावरच उभी राहिली.

चहाच्या स्टॉलजवळ रात्रीची गस्त संपवून आलेले एक ट्रॅकमन काका गमबूट उलटे करून आतले पाणी ओतत होते. शेजारी तीन रंगांची टॉर्च, शिट्टी आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली एक वही ठेवलेली होती. मी वहीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी ती उघडूनच दाखवली. ठरल्या वेळी निघायचे, बीटच्या, म्हणजे गस्तीसाठी नेमून दिलेल्या टप्प्याच्या, टोकाला पलीकडून आलेल्या गस्तवाल्याशी वहीची अदलाबदल करायची आणि परतल्यावर स्टेशन मास्तरांची सही घ्यायची. कडा ओलसर झालेल्या त्या पानांवर निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा एकाखाली एक लिहिलेल्या होत्या. गाड्यांच्या वेळांशी जुळवलेले हे दुसरे वेळापत्रक इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात मी पहिल्यांदाच पाहत होते.

१८६५ पासून गाड्या या थळ घाटातून जात आहेत. चढ ३७ फुटांना १ फूट असल्यामुळे कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात, म्हणजे त्या इंजिनांवरही माणसे हवीत. पावसाळ्याआधी हिल गँगचे कामगार दोर बांधून कड्यांवर चढतात आणि सुटू पाहणारे दगड आधीच खाली पाडतात. तरीही जुलै २०२१ मध्ये कसारा-उंबरमाळी भागात पाण्याने रुळांखालची खडीच वाहून नेली होती.

"पावसात बीट काही लहान होत नाही, ताई," काका म्हणाले. "एखादा तापाने पडला की त्याच्या वाटचंही कुणीतरी चालायचंच असतं."

इंजिनातही तेच घडते. लोको पायलटच्या, म्हणजे इंजिन चालकाच्या, सलग धावत्या ड्यूटीची नेहमीची मर्यादा नऊ तासांची असते. गाडी घाटात किंवा वाटेत रखडली की ते तास तिथेच सरतात आणि पुढच्या स्टेशनवर बदली माणूस तयार असावा लागतो. पावसाळा संपतो न संपतो तोच दिवाळी आणि छठच्या विशेष गाड्या सुरू होतात, नंतर उत्तरेकडच्या धुक्यामुळे वाराणसी, गोरखपूरकडच्या गाड्या आपल्याकडे उशिराने येतात, आणि या सगळ्यांसाठी माणसे त्याच संचातून काढायची असतात. २०२४ मध्ये सहायक लोको पायलटच्या भरतीतील जागा ५,६९६ वरून १८,७९९ करण्यात आल्या, यावरूनच गरज किती साचली होती ते कळते. पण जाहिरात निघाल्यापासून परीक्षा, प्रशिक्षण होऊन माणूस प्रत्यक्ष गाडीवर येईपर्यंत मधले पावसाळे आहेत त्याच माणसांना काढावे लागतात.

कोकण रेल्वेवर पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक असते. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होते. वेग कमी धरूनच तिथे वेळा छापल्या जातात, त्यामुळे प्रवाशाला आधीच अंदाज येतो आणि चालकावरही हुकलेली वेळ भरून काढण्याचा ताण राहत नाही. आपल्या घाटासाठीही असा विचार व्हावा असे मला मनापासून वाटते, मग त्यात नाशिककरांची दहा-पंधरा मिनिटे जास्त गेली तरी चालतील. मात्र वेळा बदलताना गस्तीची आणि बदलीची माणसेही वाढवायला हवीत, नाहीतर तोच भार नुसता नव्या कागदावर येईल.

सिग्नल मिळाला तेव्हा काका बाकावरच, भिंतीला डोके टेकून झोपले होते. गाडी घाटात अगदी सावकाश उतरू लागली. एका बोगद्याच्या तोंडाशी पिवळे रेनकोट घातलेले दोघे उभे होते. एकाने हिरवा झेंडा धरला होता. दुसऱ्याचे लक्ष आमच्या गाडीकडे नव्हतेच, तो मान वर करून कड्याकडे पाहत होता.